दम आणि नेम : आंथोल्झच्या खोऱ्यातील बायथलॉन

डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चढण चढून आलेल्या माणसाला अंगणात पाऊल टाकताच कोणी म्हणाले, "हे घ्या, एवढ्या सुईत दोरा ओवून द्या," तर तो काय म्हणेल? "अहो, जरा दम तर खाऊ द्या!" छाती भात्यासारखी वरखाली होत असते, बोटे थरथरत असतात, घाम डोळ्यांत उतरलेला असतो. सुईचे नाक दिसेल कसे?

युरोपातल्या बर्फाळ मुलुखात एक खेळ आहे, त्यात नेमके हेच करावे लागते, आणि दम खायला कोणी देत नाही. पायांत स्की, म्हणजे बर्फावरून घसरत जाण्याच्या लांब अरुंद पट्ट्या. हातांत दोन काठ्या. पाठीवर साडेतीन किलोहून जड बंदूक. अशा थाटात डोंगरातली चढउताराची वाट जीव तोडून कापायची, मध्येच थांबून पन्नास मीटरवरच्या लिंबाएवढ्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा, आणि बंदूक पाठीवर टाकून पुन्हा पळत सुटायचे. या खेळाला बायथलॉन म्हणतात. शब्दाचा अर्थ दोन स्पर्धांची मिळून एक स्पर्धा. आपल्याकडे धावणे आणि पोहणे यांच्या जोडस्पर्धेलाही कुठे कुठे हेच नाव देतात. पण हिवाळी ऑलिम्पिकमधले बायथलॉन ते हे, बर्फाचे आणि बंदुकीचे.

हा खेळ समजून घ्यायचा तर एखाद्या मोठ्या शहराच्या क्रीडांगणापेक्षा आंथोल्झच्या खोऱ्यात गेलेले बरे. इटलीच्या अगदी उत्तरेला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून हे खोरे आहे. पुस्टरटाल नावाच्या मोठ्या खोऱ्यातून आगगाडी जाते. तिच्या ओलांग-आंथोल्झ या लहानशा स्टेशनवर उतरायचे आणि तिथून डोंगराच्या कुशीत शिरायचे. वीसेक किलोमीटरची ही घळ. खाली दोन-तीन गावे, वर वर जावे तशी घरे विरळ, आणि शेवटी चहूबाजूंनी डोंगरांनी कोंडलेले एक तळे. तळ्याची उंची समुद्रसपाटीपासून १६४२ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या शिखराएवढी. पण कळसूबाईवर उभे राहिले की सगळा मुलुख पायाखाली दिसतो, आणि इथे त्याच उंचीवर मान वर करून पाहावे लागते. समोर होखगाल नावाचे ३४३६ मीटरचे शिखर उभे असते.

तळ्याच्या पुढे एक घाटरस्ता ऑस्ट्रियात उतरतो. तो इतका अरुंद आहे की दोन मोटारी समोरासमोर आल्या तर पंचाईत. म्हणून घड्याळाच्या काट्यावर वाहतूक चालते : तासातली ठरावीक मिनिटे वर जाणाऱ्यांची, ठरावीक मिनिटे खाली येणाऱ्यांची. आणि हिवाळ्यात घाट बंदच. त्यामुळे थंडीच्या महिन्यांत आंथोल्झ हे रस्त्याचे शेवटचे टोक होते.

या भागात प्रत्येक गावाला दोन नावे आहेत. जर्मन बोलणारे म्हणतात आंथोल्झ, इटालियन म्हणतात अंतेरसेल्वा. पाट्याही दोन्ही भाषांत. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलुख ऑस्ट्रियाचा होता. युद्ध संपले आणि तहात तो इटलीकडे गेला. माणसे तिथेच राहिली, भाषा तीच राहिली, राज्य तेवढे बदलले. मुसोलिनीच्या काळात शाळांतून जर्मन भाषा हद्दपार झाली होती. पुढे बऱ्याच खटपटीनंतर प्रांताला स्वायत्तता मिळाली. भाषा एक आणि राज्य दुसरे म्हणजे काय असते, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

शेतकऱ्याने तिथे जाऊन पाहावी अशी आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांची जमीन वाटण्याची, किंवा न वाटण्याची, रीत. आपल्याकडे बापाच्या आठ एकरांचे चार भावांत दोन-दोन एकर होतात आणि नातवांच्या वाट्याला बांधच जास्त येतो. त्या प्रांतात 'बंद वाडी'चा कायदा आहे. घर, गोठा, कुरण, रान असे सगळे मिळून एक वाडी मानली जाते आणि ती एकाच वारसाकडे अखंड जाते. बाकीच्या भावंडांना रोख रक्कम मिळते, आणि तीही वाडीच्या उत्पन्नाच्या मानाने ठरवलेली, बाजारभावाने नव्हे. नाहीतर वारसाला ती भागवण्यासाठी वाडीच विकावी लागेल. इटालियन राजवटीने ही रीत मोडली होती. १९५४ मध्ये प्रांताने ती पुन्हा कायद्यात आणली. बाकीच्यांवर अन्याय होतो असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्यामुळेच उतारावरच्या त्या वाड्या पिढ्यान् पिढ्या चुली पेटत्या ठेवून आहेत, हेही तितकेच खरे.

शेती म्हणजे मुख्यतः गुरे आणि गवत. पुस्टरटालची स्वतःची एक गाय आहे, पांढऱ्या अंगाची आणि कुशींवर तांबडे किंवा काळे डाग असलेली. ही जात एकदा नामशेष होण्याच्या बेतात आली होती, थोडक्यात वाचली. उन्हाळ्यात गुरे डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत नेतात. खाली त्याच दिवसांत उभ्या उतारावर गवत कापून, वाळवून गंजी भरतात, कारण पुढे कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते आणि गुरे गोठ्यात. थंडी पडू लागली की गुरे खाली आणतात. त्या दिवशी त्यांच्या गळ्यात मोठ्या घंटा बांधतात, शिंगांवर फुलापानांचे मुकुट चढवतात, आणि सारा गाव पाहायला लोटतो. आपल्या पोळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की मान गायींचा.

आणि मग हिवाळा. त्या दिवसांत एका घरून दुसऱ्या घरी जायला स्की हेच साधन होते. रानात शिकार, सीमेवर पहारा, त्यामुळे बंदूकही ओळखीची. तेव्हा बायथलॉन खोऱ्यात रुजले ते उगीच नव्हे. तळ्याजवळच्या मैदानावर १९७५ साली या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुढे १९८३, १९९५, २००७ आणि २०२० सालीही. दरवर्षी बहुधा जानेवारीत विश्वचषकाची एक फेरी इथे होते. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकसाठी बायथलॉनचे ठिकाण म्हणून निवड झाली तीही या शेवटच्या टोकाच्या खोऱ्याचीच.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. प्रेक्षकांचे मचाण नेमबाजीच्या जागेसमोर असते. इथे बसले की डोंगरात गेलेला खेळाडू बराच वेळ दिसतच नाही. मोठ्या पडद्यावर दिसेल तेवढाच. मग झाडांमागून एकजण येतो. काठ्या टाकतो, पाठीवरची बंदूक काढतो, चटईवर पालथा पडतो. बंदुकीच्या नळीच्या तोंडावर आणि नेमाच्या छिद्रावर बर्फ जाऊ नये म्हणून झाकणे असतात, ती बोटाने उघडतो. समोर पन्नास मीटरवर पाच काळे ठिपके एका ओळीत. गोळी लागली की ठिपक्यावर पांढरी चकती येते. टक्, टक्, टक् असे पाच बार. सरावलेला खेळाडू एवढे सगळे अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरकून पुन्हा वाटेला लागलेला असतो.

पालथे पडून मारायचा ठिपका ४५ मिलिमीटर व्यासाचा. उभ्याने मारताना तो ११५ मिलिमीटरचा मानतात, म्हणजे चहाच्या बशीएवढा. बशी मोठी म्हणून काम सोपे असे मात्र नाही. पालथे पडल्यावर कोपरे जमिनीला टेकलेली असतात, बंदुकीचा पट्टा दंडाला अडकवलेला असतो. उभ्याने मारताना खाली घसरत्या स्की, वर धडधडणारी छाती. या वेळी नाडी मिनिटाला पावणेदोनशेच्या घरात असू शकते. प्रत्येक ठोक्याला नळीचे टोक हलते. अनुभवी खेळाडू दोन-तीन खोल श्वास घेतो, अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबतो आणि त्या क्षणात घोडा दाबतो. श्वास फार वेळ कोंडला तर डोळ्यांसमोर अंधारी येते आणि पाय लटपटतात. घाईने दाबला तर बंदूकच हलते.

बंदूक .२२ बोअरची, लहान काडतुसाची. हीच बंदूक आणि हेच पन्नास मीटरचे अंतर आपल्या कोल्हापूरकडच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत. तिथे पूर्ण दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे असते. त्यामानाने बायथलॉनचा ठिपका बराच मोठा. पण तो नेमबाज जाड ताठ कोट घालून, शांतपणे, एकाच जागी उभा राहून निशाण साधतो. बायथलॉनवाल्याच्या अंगावर पळायचे पातळ कपडे, आणि मागून येणाऱ्याच्या स्कींची सरसर कानांत. एकाला शेवटपर्यंत स्थिर राहायचे असते, दुसऱ्याला उधळलेल्या घोड्यावरून उतरून एकदम स्थिर व्हायचे असते.

नेम चुकला तर दंड आहे. बहुतेक प्रकारांत प्रत्येक चुकीमागे दीडशे मीटरची एक जादा फेरी मारावी लागते. नेमबाजीच्या जागेशेजारीच हे दंडाचे रिंगण असते, सगळ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. एका फेरीला वीस-पंचवीस सेकंद जातात. ऐकायला थोडे वाटतात, पण तेवढ्यात चार-पाच जण पुढे निघून जातात. सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात कठीण प्रकार म्हणजे लांब पल्ल्याची एकेरी स्पर्धा, पुरुषांना २० किलोमीटर, स्त्रियांना १५. यात चार वेळा थांबून पाच-पाच अशा वीस गोळ्या झाडायच्या, आणि प्रत्येक चुकीला सरळ एक मिनिट वेळेत वाढवतात. एका मिनिटाची भरपाई पायांनी करणे जवळजवळ अशक्य.

कधी कधी घाईत भलताच घोटाळा होतो. शेजारच्या ओळीतले ठिपके आपले समजून कोणी ते पाडून बसतो. नेम अचूक, पण ठिपके दुसऱ्याचे. त्याचे गुण मिळत नाहीत.

या हिशेबाचा पहिला ऑलिम्पिक धडा १९६० साली अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीत मिळाला. त्याआधी हा खेळ सैनिकांचाच होता. १७६७ साली नॉर्वे-स्वीडनच्या सीमेवरच्या पहारेकऱ्यांत अशा शर्यती झाल्याची नोंद आहे. १९२४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सैनिकी गस्तीची स्पर्धा होती. बायथलॉनची पहिली जागतिक स्पर्धा १९५८ साली ऑस्ट्रियातल्या झालफेल्डनला झाली, आणि दोन वर्षांनी ऑलिम्पिक. तेव्हा बंदुका मोठ्या बोअरच्या होत्या, निशाणे शंभर ते अडीचशे मीटरवर, आणि दर चुकीला दोन मिनिटे दंड. फ्रान्सचा विक्टर आर्बेझ बर्फावर सगळ्यांत वेगाने धावला. पण त्याचे वीसपैकी अठरा नेम चुकले आणि तो कुठल्या कुठे मागे पडला. स्वीडनचा क्लास लेस्टांडर धावण्यात पंधरावा होता. त्याने वीसच्या वीस निशाणे टिपली आणि सुवर्णपदक घरी नेले. १९७८ पासून लहान बोअरची बंदूक आणि पन्नास मीटरचे अंतर आले, तेव्हा खेळ गावोगावच्या मैदानांत मावू लागला. स्त्रियांची जागतिक स्पर्धा १९८४ साली सुरू झाली, ऑलिम्पिकमध्ये त्यांना जागा मिळायला १९९२ उजाडले.

स्त्रियांचा विषय निघाला की आंथोल्झमध्ये एकच नाव ऐकू येते, डोरोथिया वीरर. खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या नीडररासेन गावची ही मुलगी १९९० मध्ये जन्मली. २०१९ आणि २०२० अशी दोन वर्षे विश्वचषकाच्या एकूण गुणांत ती जगात पहिली आली. २०२० च्या फेब्रुवारीत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिच्या घरच्या मैदानावर भरली. घरच्या मैदानावर खेळणे सोपे असते असे म्हणतात, पण नेमबाजीच्या वेळी ओळखीचे हजारो डोळे पाठीवर असणे काय चीज आहे, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. तिने पाठलागाची शर्यत जिंकली, आणि दोन दिवसांनी लांब पल्ल्याची ती पंधरा किलोमीटरची एकेरीही. दुसरी आलेली जर्मनीची व्हनेसा हिन्झ तिच्यामागे किती होती? दोन पूर्णांक दोन दशांश सेकंद. चाळीस मिनिटांहून जास्त चाललेली शर्यत, एका चुकीला पूर्ण मिनिटाचा दंड, आणि शेवटी फरक पापणी लवण्याएवढा. वाटेत एखादी काठी जरा हळू टेकली असती, एखादे काडतूस भरायला जरा उशीर झाला असता, तर पदकांचा रंग बदलला असता.

इथल्या मैदानाची एक मेख आहे. विश्वचषकाच्या नेहमीच्या ठिकाणांत हे सर्वांत उंच. हवा विरळ, त्यामुळे एकदा दम लागला की तो लवकर खाली बसत नाही. सपाटीवरचा खेळाडू इथे पहिल्यांदा आला की सवयीप्रमाणे शेवटच्या चढावर जोर मारून नेमबाजीला येतो आणि फसतो. इथले जाणते खेळाडू निशाणाच्या जागेआधी शे-दोनशे मीटर मुद्दाम वेग कमी करतात. तिथे घालवलेले पाच सेकंद पुढे एक मिनिट वाचवतात. शिवाय खोऱ्यातला वारा. निशाणांजवळ लहान झेंडे लावलेले असतात. त्यांच्याकडे पाहून खेळाडू नेमाची चकती कटकट फिरवून डावे-उजवे जमवतो. खळ्यात उपणणीला उभ्या राहणाऱ्या आपल्या माणसालाही वाऱ्याकडे असेच पाहावे लागते.

स्कींच्या तळाला मेण लावणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. बर्फ ओले, कोरडे, जुने, ताजे. प्रत्येकाला वेगळे मेण. प्रत्येक संघाबरोबर मेण लावणारे कारागीर असतात आणि हरलेला खेळाडू पहिले बोट त्यांच्याकडेच दाखवतो. पूर्वी फ्लोरिनयुक्त मेण वापरत. ते पाण्यात आणि मातीत राहून अपाय करते म्हणून २०२३ च्या हंगामापासून त्यावर बंदी आली.

एवढी वर्षे खेळत राहायचे तर पोटाचे काय? इटलीतले बरेच बायथलॉनपटू सैन्य, पोलीस किंवा सीमाशुल्क पाहणारे वित्तरक्षक दल यांच्या क्रीडापथकांत नोकरीला असतात. वीरर वित्तरक्षक दलाचीच. आपल्याकडे कुस्तीगीर, कबड्डीपटू पोलिसांत किंवा रेल्वेत लागतात, तसेच हे. कुसाळेही मध्य रेल्वेतच तिकीट तपासनीस होता. वाडी एका भावाकडे गेली की बाकीच्यांनी करायचे काय, या प्रश्नाला त्या खोऱ्यात गणवेश हे एक जुने उत्तर आहे. स्की आणि बंदूक ही जोडी आपल्या जवानांनाही परकी नाही. गुलमर्गला सैन्याची उंच पर्वतातील युद्धाची शाळा आहे, तिथे स्कीचे शिक्षण मिळते, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतली मुले बर्फातल्या चौक्यांवर उभी राहून आलेली आहेत.

आता एक काळजीची बाब. बर्फाचा भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. युरोपात काही हिवाळ्यांत बायथलॉनची शर्यत पांढऱ्या पट्ट्यावर चालू असते आणि दोन्ही बाजूंचे डोंगर हिरवे-तपकिरी दिसतात. आंथोल्झ उंचावर असल्याने अजून बरे आहे. तरी इथेही यंत्रांनी पाण्याचे तुषार थंड हवेत उडवून बर्फ करावे लागते. त्याला पाणी लागते, वीज लागते, आणि रात्र पुरेशी गार लागते. स्वीडनच्या ऑस्टरसुंड गावी तर मागल्या वर्षीच्या बर्फाचे ढीग लाकडाच्या भुश्याखाली उन्हाळाभर राखून ठेवतात आणि हंगामाच्या तोंडाला पसरतात. आपल्याकडे बर्फाच्या लादीवर भुसा टाकतात, अगदी तीच युक्ती, फक्त डोंगराएवढी. पावसाने ओढ दिली की आपण आभाळाकडे पाहतो. डिसेंबरात बर्फ पडले नाही की तिथला वाडीवाला आणि खानावळवाला तसेच पाहतात. वाडीवाल्याला तर दुहेरी घोर : हिवाळ्यात पाहुणे येतील का, आणि वसंतात वितळून कुरणाला मिळणारे पाणी पुरेल का.

खोऱ्यातली लहान मुले या खेळाची सुरुवात हवेच्या बंदुकीने करतात, अंतर अवघे दहा मीटर. मोठी बंदूक बऱ्याच उशिरा हाती येते. आधी स्कीवर तोल, मग श्वास, मग नेम.

बायथलॉनचा विश्वचषक साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालतो आणि आता तो घरबसल्या मोबाइलवरही पाहता येतो. पाहायला बसलात तर धावणाऱ्यांतला पुढचा कोण याकडे फारसे लक्ष देऊ नका. शेवटची, उभ्याने करायची नेमबाजी येऊ द्या. पाच काळे ठिपके मोजा. चार पांढरे झाले की पाचव्याच्या आधी खेळाडू थोडा थबकतो, बंदूक जराशी खाली घेतो, पुन्हा वर घेतो. मचाणावरचे सगळे लोक त्या वेळी चिडीचूप असतात.